न रांधलेला रस्सा

पाहुणे यायची वेळ झाली होती आणि घरात बापलेकीचं बोलणं बंद होतं. निरोप आईच्या, प्रयागबाईंच्या, मार्फत चालले होते. "तिले सांग, केस नीट बांध म्हणा, भिवापूरचे लोक येऊन राहिले." "बाबाले सांग, माझे केस माझ्या डोक्यावर आहेत." बेसनाच्या पाटोडीचा रस्सा ढवळता ढवळता प्रयागबाई हे निरोप इकडून तिकडे पोचवत होत्या आणि त्यातले अर्धे गिळून टाकत होत्या. आज मुलाची, रजतची, सुपारी फुटायची होती. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग काय भांडायचं ते भांडा, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

भांडण एका माशाचं होतं.

मयुराची बँकेतली बदली अलिबागकडे झाली तेव्हा पोरगी महिन्याभरात रडत परत येईल, असं सगळ्या घराने गृहीत धरलं होतं. ती रडली नाही. उलट तिला तिकडे एक भलताच नाद लागला. सुट्टीच्या दिवशी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, भरती लागताना, खडकावर उभं राहायचं. लांब रॉडने प्लास्टिकचा मासा दूर पाण्यात फेकायचा आणि तो जिवंत वाटावा असा झटके देत देत ओढून आणायचा. खऱ्या माशाला तो खरा वाटला की तो झडप घालतो. मयुराच्या वडिलांची, रुपरावांची, मोठी बहीण यमुताई हे ऐकून म्हणाली होती, "प्लास्टिक खाते म्हणजे तो मासाच येडा, अन् त्याच्यासाठी उन्हात उभी राहते ते आपली पोट्टी."

गेल्या हिवाळ्यात रजत बहिणीकडे गेला असताना तिच्या गळाला जिताडा लागला. दोन्ही हातांत मावेना एवढा. रजतने तिचा फोटो काढला. मग म्हणाला, ताई, एकदा माझ्या हातात दे अन् माझा काढ. तिने हौसेने काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला. नागपुरात रुपरावांनी दोन्ही फोटो पाहिले. मयुराच्या फोटोत ती गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तोंड भरून हसतेय. "हा कोणाले दाखवू नको," रुपराव म्हणाले. रजतचा मात्र त्यांनी मोठा करून आणला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात टांगला. कोणी विचारलं की सांगायचे, "आमच्या रजतनं धरला." पहिल्या वेळी सांगताना ते जरा चाचरले होते. आता अजिबात चाचरत नव्हते.

आणि त्या फोटोनेच हे स्थळ आणलं. मुलीचे, भूमिकाचे, मामा कृष्णकांत रविवार आला की गळ घेऊन गोसीखुर्द धरणाच्या काठावर बसणारे. कोणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करणारे पोट्टे मेहनती असतीलही, पण समुद्रावर उभा राहून असा मासा काढणारा पोरगा मले पाहू द्या. एवढ्यावरून बोलणी सुरू झाली. परवा मयुरा आपला रॉड घेऊन घरी आली, तिने भिंतीवर फोटो पाहिला, बापाच्या तोंडून त्याची कथा ऐकली आणि तेव्हापासून नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या घराची शांती गेली.

"आई, तू काहून गप राहते वं?" मयुरा ओट्याला टेकून विचारत होती. "तुले तर माहीत हाय ना?"

"माहीत हाय. पण एका माशापायी भावाचं लग्न मोडतं का?"

"लग्न माशावर ठरवा म्हणून मी सांगितलं होतं? त्यानं सांगावं ना सरळ, ताईनं धरला म्हणून. त्याची जीभ झिजते का?"

प्रयागबाईंना राग आला तो मुलीचाच. सगळं जुळत आलेलं, पाहुणे वाटेवर, रस्सा उकळतोय, आणि ह्या पोरीला आत्ताच न्याय हवा. "थोडी कळ काढ," त्या म्हणाल्या. "सुपारी फुटू दे."

तेवढ्यात रुपराव स्वयंपाकघराच्या दारात आले. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मुलीकडे न पाहता बायकोला म्हणाले, "वरच्या खोलीतून ती मासे धरायची काठी आण. कृष्णकांतमामाले आहेर करू. सुपारी फुटली का लगेच हातात द्यायची."

दोन दिवसांत पहिल्यांदाच मयुरा बापाशी थेट बोलली. "ती काठी माझी हाय."

"दुसरी घेऊन देईन."

"मग ती दुसरीच द्या ना मामाले."

"ज्या काठीनं मासा धरला तेच द्या लागते. त्यालेच मान असते."

"ज्यानं धरला त्यालेबी द्या मग सोबत."

रुपरावांचा चेहरा लाल झाला. "प्रयागा, हिले समजव. माझ्या घरात मी काय आहेर करावा ते मले शिकवून राहिली!" आणि ते निघून गेले. मयुरा आईकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळेच प्रयागबाई घाबरल्या.

"आई, तो रॉड या घरातून दुसऱ्याच्या हातात गेला तर मी बी गेली समज. सणाले, दिवाळीले माझी वाट पाहायची नाही."

"असं अभद्र बोलू नये वं."

"मी खरंच बोलून राहिली."

ही पोरगी बोलली तसं करते, हे प्रयागबाईंना बदलीच्या वेळेपासून ठाऊक होतं. तरीही त्या जिना चढून वर गेल्या आणि रॉड घेऊन आल्या, कारण दिवाणखान्यातून नवऱ्याने दुसऱ्यांदा हाक मारली होती. उतरताना त्यांचं लक्ष मुठीकडे गेलं. एकाच जागी एकच हात बसून बसून ती काळवंडली होती, त्यांच्या लाटण्यासारखी. लाटणं कोणी असं उचलून आहेर म्हणून दिलं तर? त्यांनी तो विचार तिथेच जिन्यावर ठेवला आणि रॉड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा केला.

पाहुणे आले. कृष्णकांतमामा, भूमिकाची आई रंभाबाई आणि स्वतः भूमिका. मुलगी भिवापुरात औषधांचं दुकान सांभाळते, बोलते कमी, बघते जास्त. रंभाबाईंनी घरच्या मिरचीची पिशवी प्रयागबाईंच्या हातात दिली. पाणी झालं, चहा झाला, ताटात हळदकुंकू, सुपारी आणि अडकित्ता मांडून झाला. मामांचं लक्ष मात्र भिंतीवर होतं.

"हाच ना तो?"

"हाच," रुपराव म्हणाले. "जिताडा. तिकडं याले लई मान हाय. रजतनं एकट्यानं ओढला. धा-पंधरा मिनिटं झुंज चालली."

रजत गालिच्याकडे पाहत बसला होता. पोरगा वाईट नव्हता. बापासमोर त्याचं तोंड लहानपणापासूनच उघडत नसे, आणि अशा न उघडणाऱ्या तोंडाला घरात सगळे सालस म्हणत आले होते. मयुरा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. यमुताईने तिला बसायला जागा केली, ती बसली नाही.

"आमी बसतो धरणावर पीठ लावून," मामा रंगात येऊन म्हणाले. "हे खोट्या माशानं पकडायचं आपल्याले जमत नाही. दाखवा बरं जावईबापू, कसं फेकता ते. इथं जागा नाही, नुसतं हातात धरून दाखवा."

रुपरावांनी मोठ्या कौतुकाने रॉड मुलाच्या हातात दिला. रजतने तो धरला. दोरी गुंडाळायचं रील त्याने वरच्या बाजूला घेतलं आणि हँडल कुठे सापडेना म्हणून उगाच फिरवून पाहिलं. मयुराने डोळे मिटून घेतले. प्रयागबाईंना त्या यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण मुलीने गच्चीवर सराव करताना ते खाली लोंबत असे, एवढं त्यांनी वाळवणं घालताना पाहिलं होतं. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओसरलं. त्यांनी हात पुढे केला, रॉड उलटा केला आणि रील खाली आणून रजतच्या हातात परत दिला.

"असं असते ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हाव, असंच," रजत म्हणाला. कानापर्यंत लाल झाला.

"इतक्या दिवसानं हातात घेतला ना," रुपराव घाईघाईने म्हणाले. "नोकरीतून वेळ कुठं भेटते! अन् मामा, ही काठी आता तुमची. आमच्याकडून आहेर समजा. प्रयागा, कुंकू लाव काठीले."

प्रयागबाई कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या. दारातून मयुरा त्यांच्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. आई काय करते, एवढंच बघत होती. प्रयागबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच राहिलं.

त्यांना वाचवलं रंभाबाईंनी, निदान त्या क्षणी तसं वाटलं. "ते राहू द्या विहीणबाई, मले पहिले हे सांगा, एवढा मोठा मासा तुमी रांधला कसा? आमच्याकडं कोणी आणला तर मले भांडंच भेटणार नाही."

प्रयागबाई गोंधळल्या. मासा समुद्रात गेला होता, भांड्यात आला नव्हता. त्या काही बोलणार तोच रुपरावांनी उत्तर दिलं. गाडी एकदा सुटली होती आणि आता त्यांना थांबवता येत नव्हती.

"रस्सा केला! रजत बर्फात घालून घेऊन आला ना. अख्खी गल्ली जेवली. हिच्या हातची चव तुमाले माहीत नाही. भिवापुरी मिरची वाटली, खोबरं भाजलं, मसाला परतला, अन् मग वरून घट्ट दही फेटून घातलं."

रंभाबाईंनी मुलीकडे पाहिलं. यमुताईने तोंडाला पदर लावला. माशात दही! ज्या घरात मासा शिजतो त्या दिवशी ताकाचा पेलासुद्धा दुसऱ्या खोलीत ठेवतात, अंगावर कोड फुटतं म्हणून लेकरांना धाक घालतात, आणि इथे ह्या बाईने मासा दह्यात रांधून अख्ख्या गल्लीला वाढला! रंभाबाई प्रयागबाईंकडे बघत राहिल्या. आपली लेक ज्या घरात द्यायची त्या घरातल्या बाईकडे जसं बघतात तसं. मग त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली, जिथून पाटोडीच्या रश्श्याचा वास येत होता. तो रस्सा आता त्यांना खावा लागणार होता.

प्रयागबाईंच्या पायापासून डोक्यापर्यंत संताप चढला. इतकी वर्षं ह्या माणसासाठी रांधलं. कोणी रात्रीबेरात्री आलं तरी चूल पेटवली, लग्नामुंजीत लोकांनी नाव काढलं. आणि ह्या माणसाला अजून हे माहीत नाही की माशात दही घालत नाहीत! कसं माहीत असणार, स्वयंपाकघराच्या दारात तो फक्त काहीतरी मागायला येतो. पोरीचा मासा त्याने पोराला दिला, तेव्हा मी गप राहिले. पोरीची काठी देऊन टाकली, तीसुद्धा मीच आणून दिली. आता माझं रांधणंही ह्याने आपल्या मनाने रांधलं आणि त्यात दही घातलं.

त्यांनी करंडा खाली ठेवला.

"विहीणबाई, मी तो मासा नाही रांधला."

"प्रयागा—"

"थांबा तुमी. मी जिताडा अजून डोळ्यानं पाह्यला नाही. या फोटोत पाह्यला तेवढाच. या घरात मी माशात कधी दही घातलं नाही, घालणार नाही, अन् कोणी तसं म्हणत असंल तर त्यानं स्वतः रांधून खावं."

"बाई, तू आत जा. पाणी आण," रुपराव दात आवळून म्हणाले.

"पाणी हाय सगळ्याजवळ. अन् तो मासा रजतनंबी नाही धरला. माझ्या पोरीनं धरला. ही काठी बी तिचीच हाय. या मुठीवर तिचा हात उमटला हाय, पाहा. रजतले तर ती कोणत्या बाजूनं धरायची हे बी मामानं सांगितलं."

यमुताई नेहमी भावाच्या बाजूने बोलायची. आजही तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं, आणि मग म्हणाली, "रुपा, दही काहून घातलं गा तू?"

रुपराव उठून उभे राहिले. "झालं समाधान? पोराची सुपारी घातली पाण्यात. चार लोकात माझं नाक कापलं!"

"नाक तुमचं हाय, तुमी सांभाळा. माझ्या हातचा रस्सा तुमच्या तोंडून मले ऐकायचा नाही."

कृष्णकांतमामा कोणाकडेही बघत नव्हते. ते फोटोकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी दाराकडे मान वळवली. "बेटा, मग मासा गेला कुठं?"

"सोडून दिला, मामा," मयुरा म्हणाली.

"एवढा मोठा? काहून?"

"एवढा मोठा होता म्हणूनच. जिताडा लहान असतो तेव्हा नर असतो. पुढं मोठा झाला का मादी होते. इतका मोठा म्हणजे मादीच. तिच्या पोटात अंडी असतात. तिले खाल्लं तर खाडीत पुढं काय राहील?" तिने फोटोकडे हात केला. "रजत म्हणे कापू. मी नाही ऐकलं. मी तिले पाण्यात धरून ठेवलं, तिच्यात जीव येईस्तोवर. मग गेली."

रंभाबाई पुटपुटल्या, "बाईच होती म्हणजे." आणि का कोण जाणे, त्यांनी भिंतीवरच्या त्या माशाला नमस्कारासारखा हात केला.

आता भूमिकाने रजतकडे सरळ पाहिलं. "तुमाले कोणी विचारलं असतं तर तुमी काय सांगितलं असतं?"

रजतने बापाकडे पाहिलं. मग त्याला कळलं की आपण बापाकडे पाहिलं, आणि ते भूमिकानेही पाहिलं. तो उठला, रॉड उचलला आणि बहिणीच्या हातात दिला. "ताईनं धरला," तो म्हणाला. "मी पिशवी धरून उभा होतो. घाबरलो बी होतो. सांगायले पाहिजे होतं, नाही सांगितलं."

"आज सुपारी नको," भूमिका मामांना म्हणाली. कठोरपणे नव्हे, पण पक्कं. "मले विचार करू द्या."

मामांनी मान डोलावली. ताटातली सुपारी अख्खी राहिली. रुपराव धपकन खुर्चीत बसले. आता पाहुणे उठतील, गाडीत बसतील आणि भिवापूरभर ही गोष्ट होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पोराचं काय होईल, हा विचार प्रयागबाईंनाही आला. पण झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप काही केल्या त्यांना होईना.

"जेवून जा," त्या म्हणाल्या. "लग्न होवो न होवो, माझ्या घरून कोणी उपाशी गेलं नाही. पाटोडीचा रस्सा हाय. दही नाही त्यात."

रंभाबाई आधी हसल्या. मग मामा हसले. आणि पाहुणे उठले ते हात धुवायला.

पहिल्या पंगतीला ह्या घरात पुरुष बसत. प्रयागबाईंनी मामांच्या शेजारी मयुराचं ताट मांडलं. मयुराने रॉड पाठीशी भिंतीला टेकवून ठेवला आणि मांडी घातली. रुपराव बसणार नव्हते, यमुताईने त्यांना दंडाला धरून बसवलं. प्रयागबाई वाढत गेल्या. मामांना रस्सा, मयुराला रस्सा, रजतला रस्सा. मामांनी पोळीचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांत मिरचीचं पाणी आलं.

"वा!" ते म्हणाले आणि ताटावरून समोर पाहिलं. "भाऊसाहेब, हा रस्सा कोणी रांधला?"

रुपरावांनी मान वर केली. मामांच्या चेहऱ्यावर थट्टा होती, पण नुसती थट्टाच होती असं नाही.

"हिनं," ते म्हणाले.

"अन् तो मासा कोणी धरला?"

सगळ्यांचे घास हातात थांबले. मयुरा ताटाकडे बघत होती. स्वयंपाकघराच्या दारात भूमिका उभी होती आणि तीही ऐकत होती. रुपरावांनी भिंतीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि शेवटी, दोन दिवसांत पहिल्यांदा, मुलीकडे पाहिलं.

"मयुरानं," ते म्हणाले. आवाज फुटला नाही नीट, म्हणून घसा खाकरून त्यांनी पुन्हा म्हटलं, "आमच्या मयुरानं धरला."

मग प्रयागबाई रश्श्याचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी नवऱ्याला वाढलं. तोवर रुपरावांच्या ताटात नुसती पोळीच होती.